कॅमेलिअनचं पिल्लू दिवसा डोळे मिटून बसतंय, काय करू?

अबोली
नमस्कार मंडळी. इथे बहुतेक धागे कुत्र्यामांजरांचे दिसतात त्यामुळे विचारू की नको असं चाललं होतं पण आता राहवेना. मैत्रिणीला घर सोडावं लागलं तेव्हा तिचं कॅमेलिअनचं (रंग बदलणाऱ्या सरड्याचं) पिल्लू मी घेतलं. व्हेल्ड जातीचं आहे, डोक्यावर उंच तुरा येतो ना, ते. वय चारेक महिने असेल असं ती म्हणाली. काचेची टाकी, दिवे, भांडी सगळं तिच्याकडूनच आलं, मी फक्त जागा बदलली.
आल्यापासून जरा मलूलच होतं, म्हटलं नवीन जागा आहे, रुळेल. पण आता दिवसा ढवळ्या डोळे मिटून बसतं. हात जवळ नेला की एक डोळा किलकिला करतं आणि परत मिटतं. रातकिडा समोर सोडला तर बघतं, तोंड उघडतं, जीभ थोडीशी बाहेर येते आणि तशीच लोंबते, मग हळूहळू आत जाते. पुढचा एक पाय कोपरात वाकडा दिसतोय की मलाच तसं वाटतंय कळत नाही. आणि कधी कधी फांदी पकडायच्या ऐवजी स्वतःचाच पाय पकडून बसतं. शीमधला पांढरा भाग केशरी झालाय.
सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांची परवाची वेळ मिळालीय. तोपर्यंत काय करू? काही भरवू का? फोटो टाकायचा प्रयत्न केला, अपलोडच होत नाहीये.

तिरपागडा
अरेरे बिचारं. खात नाही म्हणजे अशक्तपणा आलाय सरळ आहे. तोंड हळूच उघडून एक दोन किडे आत सरकवा, वरून मल्टिव्हिटॅमिनचे थेंब द्या, लहान मुलांना देतात तेच. माझ्या कासवाने एकदा खाणं सोडलं होतं तेव्हा असंच केलं होतं, टुणटुणीत झालं.

खवले
तिरपागडा, कासव आणि कॅमेलिअन यांचं काही म्हणजे काही जुळत नाही, कृपा करून असले सल्ले देऊ नका. अबोली ताई, तोंड उघडायला अजिबात जाऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून जबड्याचं हाड मऊ झालेलं असण्याची शक्यता खूप आहे आणि मऊ जबडा बोटाने उघडायला गेलं की मोडतो. शिवाय श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं. या प्राण्यांना आपल्यासारखा छातीचा पडदा नसतो, खोकून बाहेर टाकणं त्यांना धड जमत नाही, त्यामुळे घशात जे चुकीचं गेलं ते फुप्फुसात गेलं.
आता मुद्द्याचं. निरोगी कॅमेलिअन दिवसा डोळे मिटत नाही. फवारा मारल्यावर डोळा फुगवून गोल गोल फिरवतो आणि थोडा वेळ मिटतो ते वेगळं, ती डोळ्याची साफसफाई असते, कात टाकतानाही डोळे घासतात. पण दिवे चालू असताना मिटून बसणं म्हणजे आजार बराच पुढे गेलाय असं धरून चालायचं. रानात शिकार होणारे प्राणी आहेत हे, आजारपण शेवटपर्यंत लपवतात. परवा नाही, आजच परत फोन करा आणि डोळे मिटलेत, जीभ लोंबते, स्वतःचा पाय पकडतो हे तिन्ही शब्दशः सांगा, वेळ आधीची देतील.
आणि हे सांगा: दिवा कसला आहे, नळीसारखा लांब की पिळदार बल्ब? टाकीत तापमान किती आणि कुठे मोजलंय? पाणी कसं देता? किड्यांना पावडर लावता का, कुठली? डोळे खोल गेलेत का?

अबोली
फोन केला, उद्या सकाळी या म्हणाले. धन्यवाद काका, तुम्ही सांगितलं तसंच सांगितलं.
दिवा पिळदार आहे, बसवलेल्या होल्डरवर रेप्टाइल यूव्हीबी असं लिहिलंय. किती जुना माहीत नाही, मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली सुरुवातीपासून तोच आहे आणि अजून छान प्रकाश देतो. दुसरा गरम बल्ब आहे आणि रात्रीसाठी लाल बल्ब. तापमापक काचेला चिकटवलेला गोल काटा आहे तो 26 दाखवतो. पाणी वाटीत ठेवते, शिवाय सकाळी एकदा फवारा. पावडरचा डबा आलाय पण सील न उघडलेला. डोळे हो, जरा खोल वाटतात, भोवतीची कातडी सुरकुतलेली.

रातकिडा
सील न उघडलेला डबा आणि पिळदार दिवा, झालं मग, चित्र जवळजवळ पूर्ण झालं. मी किडे पाळतो (नावावरून कळलं असेल) आणि माझ्याकडे असे फोन सारखे येतात.
दिव्याचं नीट समजून घ्या कारण लोक इथेच फसतात. यूव्हीबी म्हणजे उन्हात असतात तसे अतिनील किरण, ते डोळ्यांना दिसत नाहीत. दिवा छान प्रकाश देतोय याचा अर्थ यूव्हीबी देतोय असा अजिबात नाही, नळीचा यूव्हीबी प्रकारानुसार सहा महिने ते वर्षभरात उतरत जातो आणि दिवा मात्र लखलखीत पेटत राहतो. पिळदार बल्बचा तर झोतच इतका आखूड आणि अरुंद की पिल्लू फांदीवरून वीतभर सरकलं तरी बाहेर. कॅमेलिअनला लांब नळी लागते, टी5 एचओ (बारीक, जास्त ताकदीची), 5 किंवा 6 टक्के यूव्हीबीवाली, जाळीच्या वर ठेवली तर बसायच्या फांदीवर प्राण्याच्या पाठीपासून साधारण 20 ते 25 सेंटिमीटर. यूव्ही इंडेक्स मोजायचं मीटर कुणाकडे मिळालं तर पाठीच्या उंचीवर 3 च्या आसपास यायला हवा. जाळीसुद्धा बरंच अडवते, तेही हिशोबात धरा.
का लागतो तर कातडीत एक कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ असतो, 290 ते 315 नॅनोमीटरचे किरण पडले की तो बदलतो, मग अंगाच्या उष्णतेने त्याचं डी3 जीवनसत्त्व होतं, पुढे यकृत आणि मूत्रपिंडातून जाऊन ते कामाचं होतं. ते नसेल तर आतड्यातून कॅल्शियम शोषलंच जात नाही, कितीही खाऊ घाला. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून काढायला लागते. वाढत्या पिल्लाची हाडं आधीच कच्ची, त्यातून उपसा सुरू झाला की पाय वाकतात. पोरांना मुडदूस होतो तोच प्रकार. आणि जीभ का लोंबते? स्नायू आकुंचन पावायलाही कॅल्शियमच लागतं ना.

तिरपागडा
बरं माझी चूक, मान्य. पण मग सोप्पं आहे की, टाकी खिडकीत ठेवायची, फुकटचं ऊन.

खवले
नाही!! दोन कारणं. एक, खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ सगळा अडवते, टाकीची काच पण. म्हणजे फायदा शून्य. दुसरं, काचेची टाकी उन्हात ठेवली की बघता बघता आत भट्टी होते, पिल्लाचा जीव केवढा, पळायला जागा नाही, अशी मेलेली पिल्लं मी बघितलीत. थेट ऊन हे कुठल्याही दिव्यापेक्षा सरस हे खरंच आहे, पण जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धा भाग दाट पानांच्या सावलीत, आणि तुम्ही शेजारी बसून. आजच्या अवस्थेत तेही नको, आधी डॉक्टर.

स्टेथोस्कोप
मी पशुवैद्य आहे, एक्झॉटिक प्राणी बघतो. इथून निदान करणार नाही, पण उद्या सकाळपर्यंत काय करायचं आणि काय नाही एवढं सांगतो.
क्रम लक्षात ठेवा: आधी ऊब, मग पाणी, मग कॅल्शियम, खाणं सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, खात नाही म्हणून घाबरून खाणं कोंबतात. अंगात पाणी नसताना आणि शरीर गार असताना पोटात गेलेलं अन्न पचत नाही, तसंच पडून सडतं. उपाशी राहून आज रात्रीत काही होणार नाही.
ऊब म्हणजे भाजणं नव्हे. या वयाच्या पिल्लाला गरम फांदीवर 27 ते 29 अंश पुरे, मोठ्या व्हेल्डला देतात तसे 32 नकोत, एवढासा जीव लवकर तापतो. काचेवर चिकटवलेला काटा काचेचं तापमान सांगतो, फांदीचं नाही. फांदीवर प्रोबवाला डिजिटल तापमापक बांधा. बाकी टाकी 22 ते 25 राहू द्या. लाल बल्ब आत्ता काढा, कॅमेलिअनला तो उजेड दिसतो, झोप मोडते. रात्री खोली अगदीच गार नसेल तर दिवा लागतच नाही, 18 ते 20 पर्यंत उतरलेलं चालतं आणि उलट बरं असतं.
पाणी: वाटी काढली तरी चालेल, साचलेलं पाणी त्यांना बहुतेक वेळा पाणी म्हणून कळतच नाही. पानांवरून ओघळणारे थेंब चाटतात. कोमट पाण्याचा अगदी बारीक फवारा, थेट तोंडावर नाही, वरच्या पानांवर, आणि एक मिनिटात आटपू नका, पाच सात मिनिटं मारत राहा. कित्येकदा पाणी सुरू झाल्यावर प्यायला लागायलाच त्यांना बराच वेळ लागतो. वरून थेंब थेंब पडणारी ठिबक लावता आली तर उत्तम. टबात बसवू नका, कातडीतून पाणी जात नाही आणि घाबरून आणखी थकेल. सिरिंजने घशात पाणी तर नकोच.
फांद्या खाली आणा. अशक्त पिल्लू रात्री झोपेत पडतं आणि मऊ हाड त्या पडण्यानेच मोडतं. तळाला जाड टॉवेल अंथरा, माती, साल काही असेल तर काढून टाका. आत सोडलेले रातकिडे एक एक करून बाहेर काढा, झोपलेल्या प्राण्याला ते कुरतडतात, डोळ्याच्या कडा, पायाची बोटं.
नेताना छोटा हवेशीर डबा, आत आडवी एक काडी पकडायला, बाजूंना मऊ कापड, वरून अंधार. अंधारात शांत राहतात. ताजी शी मिळाली तर ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत न्या. जुना दिवा आणि पावडरचा डबा यांचे फोटो न्या. वजन आपल्याकडे करून ठेवता आलं तर उत्तम, कारण औषधाचा डोस ग्रॅमवर ठरतो.

अबोली
डॉक्टर खूप खूप आभार. टॉवेल अंथरला, फांद्या खाली घेतल्या, लाल बल्ब काढला. वजन 14 ग्रॅम भरलं, काट्यावर काडी ठेवून शून्य केलं आणि मग काडीवर बसवलं. फवारा मारल्यावर पहिले काही मिनिटं काहीच नाही, मी सोडून देणार होते तेवढ्यात पानाची कड चाटायला लागलं!! डोळे मिटूनच, पण चाटत होतं.

हिरवी वेल
वाचून बरं वाटलं. एक सुचवते, टाकीला प्लास्टिक गुंडाळा आणि आत सतत ओलावा ठेवा, आजारी असताना 80-90 टक्के ह्युमिडिटी हवी, माझ्याकडे मी कायम तशीच ठेवते.

खवले
वेल ताई, हे जुन्या पुस्तकी सल्ल्यासारखं झालं. दिवसा गरम अधिक ओलं अधिक हवा बंद, हे तिन्ही एकत्र आलं की श्वसनाचा संसर्ग ठरलेला. यमन आणि सौदीच्या नैऋत्य भागातले डोंगर हे यांचं मूळ घर, तिथे दिवसा हवा बऱ्यापैकी कोरडी असते आणि रात्री गारवा, धुकं, दव. म्हणून दिवसा 40-50 टक्के, आणि रात्री दिवे बंद झाल्यावर, गार असताना, 80 च्या पुढे. दिवसातून मधे पानं पूर्ण वाळली पाहिजेत.

हिरवी वेल
काका तुमचं म्हणणं निरोगी मोठ्या प्राण्यासाठी पटतं पण हे पिल्लू डिहायड्रेटेड आहे, डोळे खोल गेलेत. दिवसाही कोरडं ठेवलं तर श्वासातून पाणी जाणारच ना? माझी पिल्लं दिवसा 60-70 मध्येच वाढलीत आणि एकालाही संसर्ग नाही. वरची जाळी पूर्ण उघडी असते हा मात्र फरक.

स्टेथोस्कोप
दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे आणि भांडण खरं हवेच्या खेळतेपणाचं आहे. पिल्लू लवकर सुकतं, त्यामुळे मोठ्यांपेक्षा जास्त वेळा फवारा हवाच. पण प्लास्टिक गुंडाळायला माझा ठाम विरोध. वर आणि बाजूला हवा फिरती असेल तर दिवसा 50-60 झाल्याने काही बिघडत नाही. पिल्लाला आता जास्त वेळा पाणी द्यायचंय, दमट कोंडवाडा नकोय.

अबोली
जाऊन आले. एक्सरेत हाडं अगदी फिकट दिसतायत, आजूबाजूच्या मांसासारखीच. पुढच्या उजव्या पायाला जुनी बारीक मोड आहे, आपोआप जुळलेली पण वाकडी. खालचा जबडा दाबला तर लवतो. मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणाले, म्हणजे कॅल्शियमअभावी हाडं मऊ होण्याचा आजार, खवले काका आणि रातकिडा तुम्ही म्हणालात तेच. शीमध्ये पिनवर्मची (बारीक जंतांची) अंडी थोडी सापडली पण त्याचं औषध आत्ता नाही देणार म्हणाले, आधी ताकद येऊ दे. कातडीखाली सलाइन दिलं आणि कॅल्शियमचं इंजेक्शन एक, कारण तिथेच टेबलावर बोटं थरथरायला लागली होती. घरी पातळ कॅल्शियम दिलंय, दिवसातून दोनदा, 0.1 मिलीच्या खाली, इतकं कमी आहे की सिरिंजमध्ये दिसतही नाही. नवी नळी लावली, जाळीचा पिंजरा आणला.
प्रश्न असा की हे तोंडात जायचं कसं? डॉक्टरांनी करून दाखवलं तेव्हा अगदी सोपं वाटलं, घरी दोघांचीही फजिती.

खवले
पकडू नका, वरून हात नेऊ नका, वरून येणारी कुठलीही गोष्ट त्यांना शिकारी पक्षी वाटते. तो फांदीवर असतानाच सिरिंजचं टोक ओठांच्या कडेला, समोर नाही बाजूला, टेकवा आणि थेंब तिथेच सोडा. ओठावर ओलं लागलं की चाटतात. नाहीतर रागावून फुत्कारत तोंड उघडतात, तेव्हा गालाच्या आतल्या बाजूला थेंब. घाई करू नका आणि जमलं नाही तर दहा मिनिटं सोडून परत या. फवारा चालू असताना चाटायला लागला की त्याच ओघात देऊन टाकायचं, हे मला सगळ्यात सोपं पडतं.

रातकिडा
आता खाण्याकडे, डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर.
जीभ चालत नाही तोवर मारामारी करायला लावू नका. खाणं उघड्या, गुळगुळीत कडांच्या कपात ठेवा आणि कप तोंडाच्या अगदी समोर बांधा म्हणजे दोन सेंटिमीटर जीभ आली तरी मिळेल. मऊ अळ्या आधी, रेशीमकिडे मिळाले तर सोन्याहून पिवळं, कठीण कवचाचे मीलवर्म वगैरे आत्ता नको. रातकिडा द्यायचा तर त्याची लांबी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको, मागचे उड्या मारायचे पाय काढून द्या. बाहेरून पकडलेले किडे तूर्त नकोत, फवारणीचं विष कुठून येईल सांगता येत नाही, आणि काजवा तर कधीच नको, सरड्यांना एका काजव्यानेही जीव जाऊ शकतो.
पावडरचं म्हणाल तर किड्यांमध्ये फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम नावाला, आणि सरड्याला हवं असतं त्याच्या उलट, साधारण दुप्पट कॅल्शियम. म्हणून साधी, डी3 नसलेली, फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर रोजच्या खाण्याला, हलकी, किडा ओळखू येईल इतपत. पांढराशुभ्र भुताटकी किडा दिला की ते तोंड फिरवतात. आणि किड्याला आदल्या दिवशी हिरवा पाला, गाजर, असं भरपूर खाऊ घाला. उपाशी किडा म्हणजे रिकामं पाकीट.
2010 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोकांनी नेमक्या याच जातीच्या पिल्लांवर केलेला अभ्यास छापून आला होता. टोळ खायला घालून वाढवली, काही गटांना कॅल्शियम, ए आणि डी3 जीवनसत्त्व दिलं, काहींना नाही, काहींना यूव्हीबी. ज्यांना नुसते टोळ मिळाले त्यांची हाडं गेली. म्हणजे चांगले ताजे किडे खातोय ना मग बास, असं म्हणणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

तिरपागडा
मग डी3 जास्तच द्यायचं ना थोडे दिवस, लवकर भरून निघेल? विचारतोय फक्त, सल्ला देत नाहीये, शिकलोय मी आता :D

स्टेथोस्कोप
प्रश्न चांगला आहे. डी3 आणि ए ही दोन्ही चरबीत साठणारी जीवनसत्त्वं, जास्त झालेली लघवीवाटे निघून जात नाहीत. डी3 चा अतिरेक झाला की कॅल्शियम मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचायला लागतं, आणि ते परत काढता येत नाही. कातडीत उन्हाने तयार होणाऱ्या डी3 ला मात्र आतूनच लगाम असतो, गरजेपेक्षा जास्त झालं की किरणांनीच त्याचे तुकडे होऊन निकामी होतं. 2003 सालचा पँथर कॅमेलिअनवरचा एक अभ्यास मला फार आवडतो, ज्यांच्या खाण्यात डी3 कमी होतं ते आपण होऊन यूव्हीमध्ये जास्त वेळ बसत होते. म्हणजे नळी बरोबर असेल आणि सावलीत जायला जागा असेल तर हिशोब तो प्राणी स्वतः करतो. म्हणून डी3 आणि तयार ए असलेलं मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून दोनदा पुरे, आणि आजारात किती ते तपासणारा डॉक्टर ठरवेल. ए बद्दल एक, कमी पडलं तरी डोळे सुजतात, मिटतात, त्यामुळे डोळे मिटले म्हणजे दरवेळी कॅल्शियमच असं धरू नका. आणि माणसांचे डोळ्यांचे थेंब घालू नका, त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा जाईल.

पानगळ
मधेच घुसतेय, सॉरी. माझ्या पँथरचे डोळे मिटत नाहीत, खातोपण, पण दोन दिवस झाले नाक वर करून तोंड थोडं उघडं ठेवतो आणि टिक टिक असा आवाज येतो. दिव्याखाली नसतानाही. हेच आहे का?

स्टेथोस्कोप
नाही, हे वेगळं वाटतंय. दिव्याखाली तोंड उघडणं म्हणजे गरम होतंय. दिव्यापासून लांब असताना मान वर, तोंड उघडं आणि आवाज म्हणजे श्वसनमार्गात चिकट स्राव. घरी काही देऊ नका, दाखवा, बहुधा अँटिबायोटिकची इंजेक्शनं लागतील, काही तीन दिवसांतून एकदा असतात, आणि बरा दिसला तरी कोर्स पूर्ण करायचा. वेगळा धागा काढा म्हणजे अबोलींचा भरकटणार नाही.

पानगळ
काढते. आभार.

अबोली
बरेच दिवसांनी लिहितेय, रोज सकाळ-संध्याकाळ कॅल्शियम, फवारा आणि कप एवढंच आयुष्य उरलंय. डोळे आता दिवसभर उघडे असतात!! शीमधला पांढरा भाग पांढरा. वजन 17 ग्रॅम. स्वतःचा पाय पकडणं बंद झालंय. जीभ अजून अर्धीच जाते पण लोंबत नाही, गपकन आत घेते. वाकडा पाय तसाच राहील म्हणाले, हाड घट्ट झालं तरी आकार सरळ होत नाही. चढताना त्या पायाने जरा अडखळते पण चढते.
हो, चढते. नर समजून आम्ही तो तो म्हणत होतो, डॉक्टरांनी मागचे पाय दाखवले, व्हेल्डच्या नराला जन्मापासून टाचेवर छोटा काटा असतो, हिला नाही. मादी निघाली. ते म्हणाले हिच्या बाबतीत अंड्यांचा विचार आत्तापासून करा. नर नाही तर अंडी कशी?

खवले
घालतात ताई, नराशिवाय घालतात, फळत नाहीत एवढंच. व्हेल्डमध्ये तर हे फार लवकर सुरू होतं, पाच सहा महिन्यांच्या मादीलाही. आणि एका वेळी वीस तीस ते त्याहून बरीच जास्त. त्या सगळ्या कवचांचं कॅल्शियम कुठून येणार? जिची हाडं आत्ताच भरायला लागलीत तिच्यातूनच. अंडी अडकून मेलेल्या माद्यांमध्ये अशाच बारीकपणी हाडं गेलेल्या बऱ्याच असतात.

स्टेथोस्कोप
घाबरवायला नाही पण काका म्हणतायत ते खरं आहे. हातात असलेली गोष्ट म्हणजे खाणं आणि उष्णता. आत्ता भरून निघेपर्यंत भरपूर खाऊ द्या, वाढीचं वय आहे, हात आखडू नका. पण वाढ पूर्ण होत आली, हाडं एक्सरेत चांगली दिसली, की मादीला एक दिवसाआड मोजकं खाणं आणि गरम फांदी 27 च्या आसपास. भरपूर खाणं आणि जास्त ऊब मिळाली की शरीर अंड्यांच्या मागे लागतं. हे केव्हा बदलायचं ते तुमच्या डॉक्टरांना पुढच्या एक्सरेनंतर विचारा, इथल्या कुणाच्या सांगण्यावरून नको, माझ्याही नाही.

अबोली
पुढचा एक्सरे महिनाअखेरीस आहे. तोवर पिंजऱ्यात अंडी घालायला काही ठेवायचं का? की उगाच तिला आठवण करून दिल्यासारखं होईल?

हिरवी वेल
ठेवल्याने अंडी येत नाहीत, पण न ठेवल्याने अडकतात. माझी मादी खणायला जागा नाही म्हणून कोपऱ्यात काचेवर पंजे घासत होती तेव्हा कळलं मला. अंगावर गडद रंगात निळे पिवळे ठिपके उठले, खाणं कमी करून सारखी तळाशी उतरायला लागली की समजायचं जवळ आलंय. अपारदर्शक बादली किंवा डबा घ्या, ती आत मावून वर फिरता येईल एवढा रुंद, त्यात धुतलेली वाळू किमान 20 सेंटिमीटर, 30 असेल तर छानच. खणताना बाहेर माणूस दिसला तर काम सोडून देते, म्हणून पडदा लावायचा.

अबोली
वाळू किती ओली?

हिरवी वेल
बोट खुपसून भोक केलं तर ते ढासळायला नको, आणि दाबली तर पाणी निथळायला नको. पण पाय वाकडा आहे ना हिचा, डब्याच्या कडेवरून आत उतरायला एक आडवी फांदी तिरकी टाकून ठेवा, नाहीतर चढताना उलटी पडेल.

तिरपागडा
फोटो आता तरी अपलोड होतोय का बघा की, इतकं वाचून तिचं तोंड नाही बघितलं अजून.

अबोली
हा घ्या. डावा डोळा कॅमेऱ्याकडे, उजवा कपातल्या अळीकडे.